मानला तर देव, नाही तर दगड: रिकनबॅकर बासविषयी

प्रश्न असा आला आहे. एक जण चार-पाच वर्षं फेंडर कंपनीचा जॅझ बास (बास गिटारचं एक मॉडेल) वाजवतो, रॉक बँडमध्ये आहे, आणि आता त्याला रिकनबॅकर कंपनीचा ४००३ हा बास घ्यावासा वाटतो. त्याने तीन जुन्या वादकांना विचारलं. पहिला म्हणाला, ‘असा आवाज दुसऱ्या कुठल्याच बासमधून निघत नाही.’ दुसरा म्हणाला, ‘भिंतीवर टांगायला उत्तम.’ तिसरा म्हणाला, ‘दोनदा घेतला, दोनदा विकला.’ तिघंही वाजवायला पक्के. मग ऐकायचं कोणाचं?

मी पंचवीसेक वर्षं बास वाजवतो आणि त्यातली निम्मीअधिक वर्षं दुसऱ्यांच्या बासचे सेटअपही, म्हणजे जुळणी-दुरुस्तीही, करतो. त्यामुळे हा वाद मी गळ्यात पट्टा अडकवून ऐकला आहे, तसाच टेबलावर उताणा पडलेला बास समोर ठेवूनही ऐकला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रिकबद्दल, म्हणजे रिकनबॅकरबद्दल, भांडणारे लोक बहुतेक वेळा रिकबद्दल भांडतच नसतात. बासने बँडमध्ये नेमकं काय करायचं असतं, यावर त्यांचं जमत नसतं, आणि राग निघतो तो या बिचाऱ्या वाद्यावर. शिवाय ‘रिक’ म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी वस्तू असते. कुणाच्या डोळ्यांसमोर १९६५ सालचा, चपट्या (फ्लॅटवाउंड) तारांचा. कुणाच्या १९७१ सालचा, नव्या कोऱ्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या, खरखरीत) तारांचा. तर कुणाच्या पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबक) उपटून दुसरेच बसवलेला. हे तीन बास एकमेकांसारखे फक्त दिसतात.

थोडं मागे जाऊ. लिओ फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ साली आला. कामचलाऊ म्हणावा इतका साधा: नेक (मान) चार स्क्रूंनी बॉडीला (धडाला) आवळलेला, बिघडला की काढा आणि दुसरा लावा. रिकनबॅकरचा मॉडेल ४००० आला १९५७ साली, आणि तो काढला रॉजर रॉसमाइझल या जर्मन कारागिराने. घराणंच गिटार बनवणाऱ्यांचं, वडील वेन्झेलही तेच काम करायचे. त्याने केलेला बास पाहिला की कळतं, हा माणूस सुतारासारखा कमी आणि शिल्पकारासारखा जास्त विचार करत होता. फुटायच्या बेतात असलेल्या लाटेसारखी बॉडीची शिंगं आणि तोच आकार पुन्हा हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर. नेक वेगळा जोडलेला नाही. मेपलची पट्टी हेडस्टॉकपासून शेपटीपर्यंत अखंड जाते आणि बॉडीचे दोन पंख तिला दोन्ही बाजूंनी चिकटवलेले असतात. १९६१ साली दोन पिकअपचा ४००१ आला. आज लोक ‘रिक’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हाच असतो, किंवा त्याचा धाकटा भाऊ ४००३, जो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आला आणि ऐंशीच्या दशकात त्याने ४००१ ची जागा घेतली.

फेंडरची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, ३४ इंच, रिकची ३३¼. सव्वातेहतीस आणि चौतीस यांत पाऊण इंचाचा फरक. ऐकायला किरकोळ, पण नेकवरच्या पहिल्या फ्रेटवर (आडव्या पट्टीवर) डावी करंगळी ताणताना तो जाणवतो. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ताणही थोडा कमी पडतो. अशा अखंड नेकमुळे, म्हणजे नेक-थ्रूमुळे, स्वर जास्त वेळ टिकतो असं रिकवाले छातीठोकपणे सांगतात. मला यात निम्मी श्रद्धा दिसते. सैल न झालेला, नीट बसलेला, स्क्रूंनी जोडलेला (बोल्ट-ऑन) नेकही भरपूर टिकाव देतो, आणि डोळे मिटून नुसत्या टिकावावरून दोघांतला फरक ओळखणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आवाज वेगळा लागतो तो मुख्यतः पिकअपमुळे, त्यांच्या जागेमुळे, वायरिंगमुळे आणि तारांमुळे.

तारांवर जरा थांबायला हवं, कारण निम्मा गैरसमज तिथे आहे. लोकांच्या कानात बसलेला ‘रिकचा आवाज’ म्हणजे खणखणीत, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा, टोकाला गुरगुर असलेला. हा आवाज जितका रिकचा, तितकाच राउंडवाउंड तारांचा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बासवर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा असायच्या. द हू या बँडचा जॉन एन्टविसल १९६६ च्या सुमारास रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीकडे गेला, आणि त्या खटपटीतून आजच्या राउंडवाउंड बास तारा रुजल्या. रिकची रचना त्याआधीची आहे. म्हणजे ज्या आवाजासाठी आज आपण रिक घेतो, तो आवाज रॉसमाइझलच्या मनातही नसावा.

पुरावा हवा असेल तर पॉल मॅकार्टनी. १९६५ साली त्याला डावखुरा ४००१एस मिळाला आणि तोपर्यंतचा हलका, तीस इंची हॉफनर बास स्टुडिओत मागे पडत गेला. १९६६-६७ ची ध्वनिमुद्रणं काढून नीट ऐका. बास पुढे आहे, गातो आहे, पण खणखणत नाही. गोल आहे, भरीव आहे. आता त्याच्याशेजारी येस या बँडचा ख्रिस स्क्वायर ठेवा. त्याचा बास म्हणजे रोझ मॉरिस या ब्रिटिश वितरकासाठी काढलेला आरएम १९९९, जो ४००१एसचाच भाऊ. लंडनच्या बूझी अँड हॉक्सच्या दुकानात नोकरीला असताना त्याने तो घेतला. पुढे त्यावर रंग चढवले, कागद चिकटवला, पुन्हा खरवडून काढलं. इतक्या वेळा की लाकूडच झिजून पातळ झालं. १९७१ च्या ‘राउंडअबाउट’ या गाण्यात वाजतो तो हाच. प्लेक्ट्रम (तार छेडायची पट्टी), ताज्या राउंडवाउंड तारा, आणि ट्रेबलला (उंच स्वरांना) मुभा. तिथे बास गिटारच्या खाली उभा नाही, गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. एकाच कारखान्यातली, जवळजवळ एकाच वर्षातली ही दोन भावंडं. यातल्या एकाला ऐकून कुणी रिक घेतला आणि हातात दुसऱ्याचा सेटअप आला, तर तो ‘फसलो’ म्हणणारच.

आणि मग लेमी. मोटरहेडचा लेमी मुळात ऱ्हिदम गिटार वाजवणारा; हॉकविंड या बँडमध्ये आल्यावर बासकडे वळला आणि हाताची सवय काही बदलली नाही. दोन-दोन, तीन-तीन तारांवर कॉर्ड मारायचा, मार्शल अँपवर मिड (मधले स्वर) पूर्ण वर आणि बास-ट्रेबल खाली. त्याच्या रिकवर सगळे पिकअप मूळचे असायचेच असंही नाही. मेटालिकाच्या क्लिफ बर्टनने १९८३ च्या पहिल्या अल्बमच्या वेळी वापरलेल्या ४००१ मध्येही नेकपाशी गिब्सनचा भलाथोरला पिकअप बसवलेला होता. दुसऱ्या टोकाला स्लीप आणि ओम या बँडांचा ॲल सिस्नेरोस: तोच आकार, पण आवाज संथ, जाड, जमिनीतून आल्यासारखा. लेमीचा आवाज आणि सिस्नेरोसचा आवाज पाठोपाठ ऐकवून हे एकाच जातीचे बास आहेत असं नवख्याला सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. म्हणून ‘रिकचा एकच आवाज आहे, तो चढला की उतरत नाही’ असं दुसऱ्या वादकाने म्हटलं असेल, तर त्याला एवढंच विचारा की टोनचा नॉब त्याने शेवटचा कधी हलवला.

हा विनोद नाही. रिकच्या भांडणातला सगळ्यात मोठा गुन्हेगार नखाएवढा आहे. जुन्या ४००१ मध्ये ब्रिजकडच्या (तारा बॉडीवर टेकतात तिथल्या) पिकअपच्या वाटेत एक कपॅसिटर असतो, ०.००४७ मायक्रोफॅरडचा. तो खालचा भाग अडवतो आणि वरचा जाऊ देतो. वायरिंगमधले बाकीचे आकडे धरून हिशेब मांडला तर साधारण शे-दोनशे हर्ट्झच्या खाली त्याची कात्री चालू होते. बासची मोकळी ई तार आहे ४१ हर्ट्झवर. म्हणजे नुसता ब्रिज पिकअप लावला की तळच कापला जातो, उरतो तो किणकिणाट. जॅझ बासचा ब्रिज पिकअपही पातळ असतो, पण त्याला पोट असतं. याला नसतं. पण हेच दोन्ही पिकअप एकत्र लावा: नेककडचा खालची बाजू भरतो, ब्रिजकडचा फक्त वरची कड काढतो, आणि दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. खणखण आणि गोलाई एकाच वेळी ऐकू येते ती या कात्रीमुळे.

कित्येकांनी हा कपॅसिटर कापून टाकला, वायरने जोडून मोकळा केला. मीही डझनावारी केले असतील. पिकअपला एकदम जोर येतो, मालक खूश होऊन जातो, आणि त्यातले काही जण वर्षभराने परत येतात: ‘आवाज मोठा झाला, पण ते जे होतं ते गेलं.’ कारखान्यानेही पुढे हा कपॅसिटर काढून टाकला, आणि अलीकडच्या ४००३ वर एक नॉब ओढून तो हवा तेव्हा मधे आणायची सोय दिली. प्रश्नकर्त्याला ४००३ घ्यायचाच असेल तर हा नॉब आधी शोधावा. दोन वादकांच्या मतांतलं अर्धं अंतर त्या एका नॉबच्या दोन जागांत मावतं.

आता रिकवाल्यांना जरा झोंबेल असं. रश या बँडचा गेडी ली सत्तरच्या दशकात बहुतेक काळ ४००१ वाजवत होता, त्यामुळे त्याचा आवाज म्हणजे रिक हे समीकरण पक्कं झालं. १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधलं ‘टॉम सॉयर’ हे गाणं कित्येक जण रिकच्या आवाजाचा नमुना म्हणून ऐकवतात. ते वाजवलं आहे १९७२ च्या फेंडर जॅझ बासवर. हा बास त्याला अमेरिकेतल्या कलमाझू गावात, गहाणवटीच्या दुकानात सापडला होता. नखाने तार खरवडत मारायची त्याची पद्धत, त्याचं ईक्यू (खालच्या-वरच्या स्वरांची जुळणी) आणि त्याचे अँप यांतून तो आवाज बनतो. बास बदलला तरी माणूस तोच. मी हे उदाहरण दोन्ही पक्षांना देतो. ‘रिकशिवाय हा आवाज अशक्य’ म्हणणाऱ्याला, आणि ‘रिक म्हणजे नुसता दिखावा’ म्हणणाऱ्यालाही. कारण गेडी ली जॅझ बासवर जो आवाज शोधत होता, तो त्याच्या कानात बसवला होता रिकनेच.

साउंड इंजिनिअर मंडळींचं मत बहुधा वादकांपेक्षा थंड असतं. त्यांच्या कामाला प्रिसिजन सोयीचा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला जेम्स जेमरसनचा बास घ्या: फ्लॅटवाउंड तारा, एकाच बोटाने वाजवलेला, किक ड्रमला चिकटून बसणारा. इंजिनिअरने फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर केला की बास जागेवर जातो, बाकी कुणाला ढकलत नाही. रिक तसा वागत नाही. त्याचा ठसा एक-दोन हजार हर्ट्झच्या आसपास जिथे उमटतो, तिथेच डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा आणि गायकाच्या शब्दांचा मुक्काम असतो. दोन गिटारवाले आणि कीबोर्ड असलेल्या बँडमध्ये रिक घेऊन गेलात तर पहिल्याच तालमीत तिघांपैकी एक जण ‘जरा ट्रेबल कमी कर रे’ म्हणेल. कमी केलात की वाद्याचं वेगळेपणच गेलं, मग वाद्य बदलायचा अट्टहास कशाला? उलट तिघांच्या बँडमध्ये, गिटार सोलोला गेली की मागे जी पोकळी पडते ती रिक एकटा भरतो. रश तिघांचा, मोटरहेड बराच काळ तिघांचा. हा योगायोग नाही. येसमध्ये पाच जण होते हे मान्य, पण तिथे प्रत्येकाचा भाग दुसऱ्याला जागा सोडून रचलेला असायचा. तालमीत आपोआप होणारी गोष्ट नव्हे ती.

एका ध्वनिमुद्रणाची आठवण आहे. बास एकटाच ऐकवला तेव्हा इंजिनिअर नाक मुरडून म्हणाला, ‘हा टिनाचा डबा वाजतोय.’ मी काही बोललो नाही. सगळे ट्रॅक एकत्र लागल्यावर त्यानेच विचारलं, ‘बासला आत्ता काही केलंस का?’ काहीच केलं नव्हतं. रिक एकट्याने ऐकून जोखू नये हे मी त्या दिवशी शिकलो. याच्या उलटाही दिवस आला होता. एकट्याने वाजवताना अंगावर काटा आणणारा आवाज बँडमध्ये कुठे गेला ते शोधत बसावं लागलं. त्या बँडमध्ये दोन गिटार होत्या.

आवाजाचं इतकंच. अंगाचं बोलू, कारण बास विकले जातात ते बहुधा अंगदुखीमुळे.

रिकच्या बॉडीची कड चौकोनी असते आणि ४००३ वर तिला बाइंडिंगची किनार असते. देखणी आहे, पण उजवा हात जिथे टेकतो तिथे ती रुतते. तासाभराने कोपराच्या पुढे लाल पट्टा उमटतो. फेंडरच्या गोलवलेल्या कडांची सवय असलेल्याला हे पहिल्याच दिवशी खुपतं. बाइंडिंग नसलेला ४००३एस यात किंचित बरा. ब्रिज पिकअपवर धातूचं आच्छादन असतं, नेमकं तिथे जिथे बोटांनी वाजवणाऱ्याला हात हवा असतो. बरेच जण ते काढतात, मग खाली उघडं खोबण दिसतं, त्यावर प्लास्टिकची चौकट बसवावी लागते. शिवाय बोटांनी वाजवणाऱ्याला अंगठा टेकायला धड जागा नसते. नेक पिकअपच्या कडेवर टेकवला तर आवाज मऊ पडतो, आच्छादनावर टेकवला तर हात अवघडतो. ब्रिजपाशी तारा फेंडरपेक्षा जवळजवळ असतात. प्लेक्ट्रमवाल्याला ते सोन्याहून पिवळं, एका तारेवरून दुसरीवर जायला अंतरच नाही. स्लॅप करणाऱ्याचं, म्हणजे अंगठ्याने तार आपटून बोटाने ओढणाऱ्याचं, बोट मात्र तारेखाली शिरतच नाही. रिकवर स्लॅप होत नाही असं नाही, पण होतो तेव्हा ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याचं कौतुक जास्त करावं लागतं.

म्हणून एखाद्याचं मत ऐकताना मी आधी विचारतो, प्लेक्ट्रम की बोटं? मॅकार्टनी, स्क्वायर, लेमी, आरईएमचा माइक मिल्स; यादी काढत गेलात तर प्लेक्ट्रमवाल्यांचं पारडं जड दिसेल. गेडी ली आणि बर्टन बोटांनी वाजवणारे, पण दोघांचा उजवा हात प्लेक्ट्रमला लाजवेल इतका आक्रमक. हळुवार बोटांचा, मखमली आवाज शोधणारा माणूस रिकवर खूश झाल्याचं मी क्वचित पाहिलं आहे.

नेकबद्दलही दोन तट आहेत. फ्रेटबोर्डवर चकचकीत व्हार्निश असतं. काहींना ते काचेसारखं सरसर वाटतं, काहींना घाम आला की चिकट. मला चालतं. स्टीलच्या राउंडवाउंड तारा वर्षानुवर्षं घासून व्हार्निशवर चरे पडतात, आणि फ्रेट बदलायची वेळ आली की खरी डोकेदुखी सुरू होते, कारण फ्रेटसोबत व्हार्निशही पुन्हा करावं लागतं. हे काम करायला नाखूश असणारे कारागीर मला माहीत आहेत. त्यांतला एक रोज आरशात दिसतो.

दुरुस्तीकडे वळलोच आहोत तर ब्रिज. जुना ब्रिज आणि शेपटी हे एकच ओतीव अंग, जस्ताच्या मिश्रधातूचं. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. वर्षानुवर्षं तो सोसून त्या ओतीव तुकड्याचं मागचं टोक बॉडीपासून वर उचललं जातं. जुन्या ४००१ वर हे इतकं सर्रास दिसतं की त्याला ‘टेल-लिफ्ट’ असं नावच पडलं आहे. थोडं उचललेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. आवाजात फरक पडत नाही, फक्त ॲक्शन (फ्रेटवरची तारांची उंची) खाली आणायला जागा उरत नाही. इंटोनेशनचे (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागावा यासाठीचे) स्क्रू मात्र अशा जागी की सूर जुळवताना तारा सैल करा, स्क्रू फिरवा, पुन्हा सुरात लावा, तपासा, पुन्हा सैल करा. फेंडरवर वीस मिनिटांचं काम इथे तासभर खातं. हिपशॉटसारखे तयार ब्रिज मूळच्या भोकांवर बसतात आणि हे दुखणं संपवतात. त्यावर जुन्या वाद्याचे भक्त म्हणतात, चेहरा बदलला. मी म्हणतो, दात बसवला.

ट्रस रॉडचं, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचं, प्रकरण गंभीर आहे. रिकमध्ये दोन रॉड, शेजारी-शेजारी. जुन्या ४००१ मधले रॉड आपल्याला माहीत असलेल्या पद्धतीने नेक वाकवण्यासाठी नाहीतच. नेक आधी हाताने दाबून हव्या त्या आकारात आणायचा, आणि मग नट आवळून तो आकार फक्त पकडून ठेवायचा. मला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका मित्राचा ४००१ माझ्याकडे आला, नेक पुढे झुकलेला. मी जॅझ बासवर करतो तसे दोन्ही नट आवळत गेलो. पाव फेरा, आणखी पाव, आणखी पाव. ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि हेडस्टॉकच्या बाजूने फ्रेटबोर्ड केसभर उचलला गेला. चूक सर्वस्वी माझी होती. डिंक लावून, शिकंजे आवळून दोन दिवस तो टेबलावर ठेवला होता, आणि ते दोन दिवस मी मित्राचा फोन घेतला नाही. ४००३ मध्ये रॉडची रचना बदलली, राउंडवाउंड तारांचा मारा गृहीत धरून, आणि तो नेहमीसारखा नट फिरवून जुळवता येतो. तरी दोन्ही नट थोडे-थोडे आणि आळीपाळीने फिरवायचे, नाहीतर नेकला पीळ बसतो. ‘रिकचे नेक वाकडे होतात’ ही तक्रार ऐकलीत तर तो ४००१ होता का, आणि नट कुणी फिरवले होते, हे विचारल्याशिवाय मान हलवू नका.

रिक-ओ-साउंड हा आणखी एक मजेशीर भाग. कडेला दोन जॅक असतात: एक साधा, एक स्टिरिओ. स्टिरिओमधून नेक आणि ब्रिजचे पिकअप वेगवेगळे बाहेर पडतात. एक स्वच्छ अँपला द्यायचा, दुसरा डिस्टॉर्शनमधून काढायचा. स्क्वायरने तर आपल्या मोनो बासचीही वायरिंग बदलून दोन पिकअप वेगळे काढले होते. खाली भरीव, वर करवत, आणि दोघं एकमेकांना गढूळ करत नाहीत. आजकाल हेच काम पेडल करतात, सिग्नल वारंवारतेनुसार तोडून, त्यामुळे त्या जॅकसाठी कुणी रिक घ्यावा असं मी म्हणणार नाही. स्टेजवर दोन अँप उचलणारा ड्रमरसारखा सोशिक मित्र असेल तर वेगळं. आणि साधी मोनो केबल चुकून या जॅकमध्ये घातली तर एकच पिकअप बोलतो. माझ्या पहिल्याच कार्यक्रमात मी तीच घातली होती. तीन गाणी अर्ध्या आवाजात वाजवली आणि वर अँपला शिव्या दिल्या.

तर दोनदा घेऊन दोनदा विकणारा तो तिसरा माणूस. त्याच्याकडे नीट बसून ऐका असं मी म्हणेन, कारण रिकचं खरं चित्र त्याच्याकडे आहे. पहिल्यांदा तो बहुधा आवाजाच्या किंवा रूपाच्या मोहात पडला असेल, आणि हातात रुतणाऱ्या कडेमुळे विकला असेल. मग वर्षभर मिक्समध्ये काहीतरी कमी पडतंय असं वाटत राहिलं असेल. दुसऱ्यांदा घेतला, तेव्हा बँड बदललेला होता. मी असे पाच-सहा जण तरी पाहिले. त्यांतल्या एकाने तिसऱ्यांदाही घेतला, आणि तो अजून त्याच्याकडे आहे. फक्त तो आता दोन गिटारच्या बँडमध्ये नाही.

प्रश्नकर्त्याला माझं सांगणं असं. तुम्ही जॅझ बास वाजवता, म्हणजे दोन पिकअप मिसळायची सवय आहे, हे तुमच्या पथ्यावर पडेल. दुकानात बसून वाजवून ठरवू नका. मांडीवर घेतला की कड रुतत नाही आणि दीड मिनिटात पाठही दुखत नाही. कुणाचा तरी उसना घ्या. आपला नेहमीचा पट्टा लावा, उभे राहा आणि बँडबरोबर सलग दीड तास वाजवा. पहिली वीस मिनिटं प्लेक्ट्रमने, नंतर बोटांनी. टोनचे नॉब पूर्ण उघडे ठेवून सुरू करा, मग ब्रिज पिकअपचा व्हॉल्यूम थोडा मागे घ्या. तिथे कुठेतरी एक जागा सापडते जिथे खणखण राहते आणि टोचणी जाते. गिटारवाल्याला न सांगता करा हे सगळं. सांगितलंत की तो बास बघून मत देतो, ऐकून नाही. आणि तालीम फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना बासचा प्रत्येक स्वर वेगळा मोजता येतोय पण गायकाचा शब्द हरवतोय, असं असेल तर तुमच्या बँडला प्रिसिजन हवा आहे. पैसे वाचले.

घ्यायचाच ठरला आणि नव्याऐवजी जुना हाती आला, तर आधी वरचे पाच फ्रेट आणि खालचे पाच फ्रेट तपासा, रॉडवरचं झाकण काढून दोन्ही नट सारखे आवळलेले आहेत का पाहा, नंतर ब्रिजच्या मागच्या टोकाखाली कागद सरकवा. साधा कागद गेला तर दुर्लक्ष करा. जाड पुठ्ठा गेला तर नव्या ब्रिजचा खर्च धरूनच भाव बोला.